सावली राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यातल्या घराघरांत बैठकीच्या भिंतीवर थोरामोठ्यांचे फोटो असतात. त्यातला एखादा जुना काळा-पांढरा फोटो असा असतो की आजोबा आता बोलतील असं वाटतं. शेजारी मोबाइलवर काढलेला नवा रंगीत फोटो असतो. नाक-डोळे स्वच्छ, सुरकुती एकही नाही, पण माणूस कागदाला चिकटलेला. असं का होतं, ते आज बघू.

आपल्या दोन डोळ्यांना जग किंचित वेगवेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदूला खोली कळते. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत ही सोय नाही. सपाट कागदावरचा चेहरा गोल आहे हे ओळखायला मेंदू मग दुसऱ्या खुणा शोधतो. त्यातली सगळ्यात बोलकी खूण म्हणजे उजेडातून अंधाराकडे हळूहळू उतरत जाणारी छटा. कपाळावर उजेड, कानशिलापाशी तो मंद, जबड्याखाली गडद. समोरून फ्लॅश मारला की ही उतरण पुसली जाते. आणि आपल्याकडे फोटो काढताना पहिलं वाक्य काय असतं? ‘तोंडावर सावली येतीय, उन्हाकडं तोंड करा.’ उन्हाकडं तोंड केलं की डोळे मिचकावले जातात आणि चेहरा चपटा होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, सावली राहू द्या.

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, आहे. चित्र सुमारे 5व्या शतकातलं. पुन्हा गेलात तर त्याचा चेहरा जरा वेळ उभं राहून बघा. कडांना रंग गडद केलाय, नाकाच्या दांड्यावर उजळ रेघ ओढलीय. भिंत सपाट, तरी चेहरा आपल्याकडे पुढं आलेला दिसतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा भरण्याच्या या कामाला वर्तना म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार सांगितलेत. कॅमेरा येण्याच्या कितीतरी शतकं आधी हे आपल्या भागातल्या भिंतीवर सिद्ध झालेलं आहे.

आता घरी काय करायचं? जुन्या वाड्याची ढाळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, मला भारी स्टुडिओपेक्षाही सरस वाटते. उजेड एकाच बाजूनं, दारातून येतो आणि थेट ऊन नसतं. आजींना दारापासून थोडं आत बसवा, उजेड बाजूनं आणि जरासा पुढून येईल असं. दाराकडचा गाल उजळेल, दुसऱ्या गालावर नाकाची सावली पडेल आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरेल. 17व्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या चित्रांत हा उजेड वारंवार दिसतो, म्हणून फोटोग्राफर त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात. सावलीची बाजू फारच काळी झाली, तर तिकडे कुणाला तरी पांढरं धोतर धरून उभं करा. तेवढा परतलेला उजेड पुरतो. दाराचं प्रतिबिंब डोळ्यांत चमकलं पाहिजे, ते नसेल तर नजर विझलेली वाटते. माळवदाच्या सवण्याखाली, म्हणजे छतातल्या झरोक्याखाली, मात्र बसवू नका. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी अंधारतात.

अंतराचं काय? नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण 12 सेंटिमीटर मागं असतो. मोबाइल नाकापासून 30 सेंटिमीटरवर धरला, तर कान नाकाच्या मानानं जवळजवळ तीस टक्के लहान उमटतो. म्हणून सेल्फीत नाक फुगलेलं दिसतं. 180 सेंटिमीटरवर, म्हणजे सहा फुटांवर, हाच फरक सहा टक्क्यांवर येतो. चार पावलं मागं जा आणि मोबाइलला झूम असेल तर तो वापरा. फार लांबून काढलं तरी चेहरा चपटा वाटतो, हेही ध्यानात असू द्या. मागची भिंत काही फूट लांब राहिली की माणूस तिच्यापासून सुटा दिसतो.

एक गोष्ट मला फार लागते. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या माणसांचा रंग सावळा. सावळ्या चेहऱ्याची गोलाई सावलीइतकीच त्वचेवरच्या चकाकीतून उमटते. गालाच्या हाडावरची ओलसर चमक, भुवईवरची रेघ. फोटो उजळ करायचा म्हणून चेहरा गोरा केला, ब्युटी मोडनं सुरकुत्या घासून टाकल्या, की ही चकाकीही जाते आणि छटाही. कापूस वेचून आलेल्या बाईचा चेहरा गोरा करणं म्हणजे तिचं रूपच खोडणं, असं मी मानतो. फोटो मोठा करायला दिलात, तर फोटोवाल्या दादांना आधीच सांगा, रंग आहे तसाच ठेवा, सुरकुत्यांना हात लावू नका. आणि पटका बांधलेल्या आजोबांना हनुवटी जराशी वर करायला सांगा, म्हणजे पटक्याची सावली कपाळावरच थांबेल आणि डोळे मोकळे राहतील.