पेन्सिल्व्हेनियाचा मतदार आणि उमेदवाराची ढब

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत बहुतेक राज्यांचा कौल आधीच ठाऊक असतो. पेन्सिल्व्हेनियाचे तसे नाही. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले, २०२० मध्ये जो बायडेन यांनी ते सुमारे ८० हजारांच्या फरकाने परत मिळवले आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे १ लाख २० हजारांच्या आघाडीने पुन्हा आपल्याकडे खेचले. साठ-सत्तर लाख मतदान होणाऱ्या राज्यात शंभरातल्या दोघांचे मन फिरले तरी निकाल फिरतो. उमेदवार बोलतो कसा, वावरतो कसा, आपल्यातला वाटतो की उपरा, हा प्रश्न अशा ठिकाणी किरकोळ राहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२२ सालचे आहे. सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन फेटरमन आणि रिपब्लिकन पक्षाचे डॉ. मेहमेट ऑझ समोरासमोर होते. साडेसहा फुटांहून उंच असलेले फेटरमन हूडी आणि अर्धी विजार घालून प्रचाराला जात. पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक या पोलाद कारखान्याच्या, ओसरत चाललेल्या गावाचे ते अनेक वर्षे महापौर होते. त्या गावाचा पिनकोड त्यांच्या एका हातावर गोंदलेला आहे आणि दुसऱ्या हातावर, त्यांच्या कारकिर्दीत गावात झालेल्या खुनांच्या तारखा. त्यांचे उच्च शिक्षण हार्वर्डचे आहे, घर सुस्थितीतले होते. तरीही हा वेश नाटकी ठरला नाही, कारण वेशाच्या मागे ब्रॅडॉकमधली वर्षे उभी होती.

ऑझ हे नावाजलेले हृदयशल्यविशारद आणि दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचलेले गृहस्थ. पण त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ शेजारच्या न्यू जर्सीत होते, आणि फेटरमन यांच्या प्रचाराने हा एकच मुद्दा महिनोन्‌महिने लावून धरला. महागाई दाखवण्यासाठी ऑझ किराणा दुकानात गेले, तेथे कच्च्या भाज्यांच्या ताटाला त्यांनी फ्रेंच नाव दिले आणि दुकानाचे नावही चुकीचे उच्चारले. महागाईचा मुद्दा खरा होता, लोकांना तो जाचतही होता; तरी लोकांच्या लक्षात राहिला तो बोलणाऱ्याचा परकेपणा.

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीच्या काही दिवस आधी फेटरमन यांना पक्षाघात झाला. ऑक्टोबरमधल्या वादसभेत समोरचे बोलणे पडद्यावर वाचून ते अडखळत उत्तरे देत होते, आणि सफाईदार वक्तृत्वाच्या कसोटीवर ते त्या रात्री स्पष्टपणे हरले. तरीही नोव्हेंबरमध्ये ते सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. ज्या अनेक ग्रामीण काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, ते हरले, तेथेही २०२० च्या बायडेन यांच्यापेक्षा कमी फरकाने हरले. माझ्या मते शैलीचा खरा परिणाम येथे दिसतो: ती विरोधकांचा गड जिंकून देत नाही, पण तेथली पिछाडी कमी करते.

त्याच दिवशी, त्याच मतदारांनी गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉश शपिरो यांना जवळपास १५ टक्क्यांच्या आघाडीने निवडले. शपिरो यांची ढब अगदी वेगळी: नीटनेटका सूट, मोजून मापून बोलणे आणि राज्याचे अॅटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकारी, म्हणून केलेल्या कामाचा दाखला. कॅथलिक धर्मगुरूंच्या अत्याचारांवरचा २०१८ सालचा अहवाल त्यांच्याच कार्यालयाच्या तपासातून पुढे आला होता. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी डग मॅस्ट्रियानो हे आपल्या कडव्या समर्थकांपुरतेच बोलत राहिले आणि प्रमुख वृत्तपत्रांना त्यांनी दूर ठेवले. हूडी आणि सूट एकाच दिवशी जिंकतात, तेव्हा पेहरावापेक्षा त्यामागचे काम मोठे असते असेच मानावे लागते.

मात्र हा निष्कर्ष मलाही सरसकट लावता येत नाही, कारण २०२४ साल आडवे येते. बॉब केसी हे मृदुभाषी, संयमी, तीन वेळा निवडून आलेले डेमोक्रॅटिक सिनेटर. त्यांचे वडील राज्याचे गव्हर्नर होते. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी डेव्ह मॅककॉर्मिक यांच्यावरही बाहेरच्या राज्यात, कनेक्टिकटमध्ये राहिल्याचा तोच आरोप झाला. या वेळी तो पुरला नाही. मॅककॉर्मिक याच राज्यात वाढलेले आणि आखाती युद्धात लढलेले होते. शिवाय अध्यक्षपदाच्या निवडणुकीची लाट त्यांच्या बाजूने होती. केसी सुमारे १५ हजार मतांनी, म्हणजे पाव टक्क्याहून कमी फरकाने हरले. अध्यक्षीय वर्षात मतदार आधी पक्ष निवडतो आणि त्या प्रवाहात सौम्य स्वभावाचा उमेदवार सहज झाकोळतो, असे मला वाटते.

फेटरमन यांच्याबाबतीत आणखी एक गोष्ट घडली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ते ट्रम्प यांना फ्लोरिडात जाऊन भेटले आणि त्यानंतर ट्रम्प यांनी निवडलेल्या पॅम बाँडी यांच्या देशाच्या अॅटर्नी जनरलपदावरील नियुक्तीला मत देणारे ते एकमेव डेमोक्रॅटिक सिनेटर ठरले. हूडी तीच, बोलण्यातला रोखठोकपणाही तोच. पण २०२२ मध्ये त्यांच्यासाठी दारोदार फिरलेल्या अनेक कार्यकर्त्यांचा त्यांच्यावरचा विश्वास आज उरलेला नाही, तर त्यांना तेव्हा मत न दिलेल्या कित्येक रिपब्लिकन मतदारांना ते आता आवडू लागले आहेत. त्यांच्या सिनेटच्या जागेची निवडणूक २०२८ मध्ये आहे.