पुढच्या ब्रेकची भीती

(कराडमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालकांसमोर जानेवारीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, गाडी शिकवताना आपल्याकडे घराघरांत एक वाक्य ठरलेलं असतं. "पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील." वडील मुलाला सांगतात, थोरला भाऊ धाकट्याला सांगतो, आणि सांगणारा काळजीपोटीच सांगत असतो. मला आज बोलायचंय ते या वाक्याविरुद्ध. मोटारसायकल खऱ्या अर्थानं थांबवतो तो पुढचा ब्रेक, आणि आपण मुलांना नेमका तोच वापरू नका म्हणून शिकवत आलो आहोत.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची, म्हणजे जवळजवळ ७५ हजार. हे सगळे ब्रेकमुळे गेले असं मी म्हणत नाही. डोक्यावर हेल्मेट नसणं, उलट्या बाजूनं येणारी वाहनं, खड्डे, रात्री न दिसणारे गतिरोधक, कारणं पुष्कळ आहेत. पण समोर काही आडवं आलं की चालवणाऱ्याच्या हातात दोन सेकंद उरतात, आणि त्या दोन सेकंदांत ब्रेक नीट लागतो की नाही, हे मात्र आपल्या हातातलं आहे.

आधी गाडीचं वजन कुठं असतं ते पाहू. उभ्या गाडीवर तुम्ही बसलात की दोन्ही चाकांवर साधारण निम्मा निम्मा भार येतो. चालत्या गाडीचा ब्रेक दाबला की रस्ता टायरला खालून अडवतो, पण तुमचा आणि गाडीचा मिळून जो भार आहे तो जमिनीपासून दोनेक फूट वर असतो, आणि तो पुढं जाऊ पाहतो. म्हणून पुढचा शॉकअप दबतो आणि गाडीची मागची बाजू उचलल्यासारखी होते. १५० सीसीच्या साध्या गाडीचं गणित मांडून बघा. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक लागलेला असताना ढोबळमानानं ८० टक्के भार पुढच्या चाकावर जातो, मागच्यावर २० टक्केच उरतो. टायर रस्त्याला किती धरून राहणार हे त्याच्यावरच्या भारावर ठरतं. हलक्या झालेल्या मागच्या चाकाचा ब्रेक कितीही जोरानं दाबा, ते चाक जाम होऊन फरफटत जाणार.

आता हेच आकड्यांत सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेग, कोरडा रस्ता, चांगले टायर. दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. फक्त मागचा लावला तर ४५ मीटरच्या पुढं जाते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, पुढं आडवी ट्रॉली दिसते आणि दोघी एकाच क्षणी ब्रेक लावतात असं धरा. पहिली २० मीटरवर पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? ताशी सुमारे ४५ किलोमीटर. पहिला जिथं पाय टेकून उभा आहे तिथंच दुसरा ४५ च्या वेगानं ट्रॉलीवर आदळतो. गाडी तीच, रस्ता तोच. फरक उजव्या हाताच्या चार बोटांचा.

यात डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तरी ६० च्या वेगात गाडी १६-१७ मीटर तशीच पुढं जाते, ब्रेक न लागता. म्हणून गर्दीत, चौकाजवळ, शाळेपाशी, उसाच्या ट्रॉलीच्या मागं असताना दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आधीच ठेवलेली असावीत. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ४० च्या वेगात जे ९ मीटर, ते ८० च्या वेगात ३६. हायवेवर पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्यानं हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

मग "तोंडावर पडशील" यात काहीच खरं नाही का? आहे. पुढचा ब्रेक कचकन दाबला तर माणूस पडतो. भार पुढं सरकायला क्षणभर लागतो. तो सरकायच्या आत लिव्हर पूर्ण ओढली तर पुढचं चाक अजून हलकंच असतं आणि ते जाम होतं. न फिरणारं पुढचं चाक गाडीचा तोल राखू शकत नाही, हँडल वळवून उपयोग होत नाही, आणि गाडी आडवी व्हायला एक सेकंदही लागत नाही. वडिलांनी कधीतरी हेच पाहिलेलं असतं. पण त्यात दोष ब्रेकचा नसतो, तो कसा दाबला याचा असतो.

म्हणून पद्धत अशी. आधी लिव्हरचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची ढिलाई, संपवा, ब्रेक नुसता लागू द्या. पुढचा शॉकअप दबल्याचं हाताला कळतं. मग जोर वाढवत न्या. गाडी जशी जड होऊन पुढं दबते तसा तुमचा हातही घट्ट होत जातो. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, म्हणजे हळू नाही, पण झटकाही नाही. मागचा ब्रेक त्याच वेळी, पण बेतानं. थांबता थांबता पुढच्यावरचा जोर किंचित सोडा, म्हणजे शेवटचा हिसका बसत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळून धरा, नाहीतर तुमच्या अंगाचा सगळा भार हातांवर येतो आणि हँडल हलतं. नजर समोरच्या अडथळ्यावर नको, शेजारच्या मोकळ्या जागेवर हवी. माणूस जिकडं बघतो तिकडं गाडी नेतो.

पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर लिव्हर लगेच सोडा आणि पुन्हा हळूच धरा. मागचं जाम झालं आणि गाडी सरळ असेल तर पाय उचला. पण मागचं चाक एका बाजूला वाहवत गेलं असेल तर पाय एकदम उचलू नका. चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी उलट दिशेला झटकते आणि चालवणाऱ्याला हवेत फेकते.

मघाशी एकानं विचारलं की गाडीला एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे, मग हे शिकायचं कशाला? १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. मला ते फार मोठं पाऊल वाटतं. एबीएस काम करू लागलं की लिव्हर हाताला थरथरल्यासारखी लागते, तेव्हा पुष्कळ जण घाबरून ब्रेक सोडतात. सोडायचा नाही, दाबूनच धरायचा. पण पुष्कळ गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं हे तपासून घ्या. आणि लिव्हर तुम्ही ओढलीच नाही तर एबीएस काहीच करत नाही. छोट्या गाड्यांना आणि स्कूटरना सीबीएस असतं, मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. थोडाच. पुढचा वेगळा दाबायचा राहतोच.

आपल्या भागातले रस्ते डोळ्यांसमोर आणा. आत्ता कारखान्यांचा हंगाम आहे. चिरडलेला ऊस, पाचट, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल, सगळं डांबरावर असतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून राड तयार होतो, तेव्हा मुसळधार पावसापेक्षाही जास्त घसरतं. पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं ओली असताना त्यांच्यावर ब्रेक नको. ओल्या रस्त्यावरही पुढचा ब्रेक वापरायचाच, फक्त जोर वाढवायला थोडा अधिक वेळ द्यायचा आणि अंतर दुप्पट धरायचं. वळणात टायरची बरीच पकड गाडी वळवण्यातच खर्च होत असते, म्हणून वेग वळणाच्या आधी कमी झाला पाहिजे.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणारे इथं बरेच असतील. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मी कायम पाहतो, कधी बायकोमुलांना घेऊन, आणि माझा जीव खालीवर होतो. इंजिन गाडीला रोखून धरतं, ते काढून टाकलं की सगळा उतार ब्रेकवर येतो. सतत दाबून ठेवलेल्या ड्रमचे लायनर तापून गुळगुळीत होतात, पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. डिस्कचंही तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर ते १५५ पर्यंत उतरू शकतं. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात आणि लिव्हर रिकामी हँडलला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, मेकॅनिक "अजून चांगलंय" म्हणाला तरी. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. वेग कमी करताना आधी क्लच ओढायची सवयही याच कारणासाठी मोडा. अगदी आणीबाणीत क्लच ब्रेकबरोबर ओढला तर चालतं.

मागं कुणी बसलं असेल तर गाडी थांबायला जास्त जागा लागते आणि मागच्या ब्रेकचा उपयोग जरा वाढतो. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या आईला झटक्याच्या ब्रेकमध्ये धरायला काही नसतं. तिच्यासाठी ब्रेक लवकर आणि मऊ लागला पाहिजे.

हे ऐकून जमणार नाही. संकटात डोकं चालत नाही, हात सवयीनं चालतो, आणि ती सवय निवांत वेळी लावावी लागते. मागं मैदानावर चुन्याच्या दोन रेषा मारल्या आहेत. एकीपाशी ब्रेक सुरू करायचा, दुसरीच्या आत थांबायचं. सुरुवात २० च्या वेगानं, हात बसला की ३०, मग ४०. त्याच्या वर आज नाही. टायरची हवा बघून घ्या, हेल्मेटचा पट्टा लावा, आणि पालकांनीही रांगेत या. आधी तुमच्याच गाड्या घेऊ.