सहा व्होल्टची गाडी आणि सेल्फची केबल

मंडळी, रेस्टोरेशन करून आलेल्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. रंग नवा, गाद्या नव्या, बॅटरीही नवी. पण सेल्फ (म्हणजे स्टार्टर मोटर) मारला की इंजिन अर्धा फेरा फिरून कण्हतं. मग मालक आणखी मोठी बॅटरी आणतो, सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलतो आणि शेवटी कुणाच्या तरी सल्ल्याने गाडी १२ व्होल्टवर न्यायला निघतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याआधी केबल बघा. त्यातही अर्थची बाजू, म्हणजे इंजिन-चासीतून बॅटरीकडे परत येणारी वाट, आधी बघा, कारण तिकडे कुणाचंच लक्ष नसतं.

उदाहरणाला महायुद्धातली विलीज जीप घेऊ. सहा व्होल्टची गाडी. सेल्फचा स्विच पायाने दाबायचा, म्हणजे सगळा करंट बॅटरीतून त्या स्विचमधून थेट सेल्फला जातो. तेवढीच ताकद काढायची तर १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. समजा ३०० अँपिअर. बाजारात सहज मिळणारी १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल मीटरमागे साधारण १.१ मिलीओहम रोध देते. जाऊन-येऊन दोन मीटर धरले तर ०.६६ व्होल्ट केबलमध्येच जिरले. सहातले ०.६६ म्हणजे अकरा टक्के! तीच केबल १२ व्होल्टच्या गाडीत १५० अँपिअरला ०.३३ व्होल्ट खाते, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. म्हणून १२ व्होल्टच्या गाड्यांवर हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनला ती केबल 'भरपूर जाड' वाटते. त्याची काही चूक नाही. पण सहा व्होल्टला ५० स्क्वेअर एमएम घाला. मग हेच नुकसान ०.२१ व्होल्टवर येतं.

केबल घेताना, पुण्याच्या नाना पेठेत घ्या नाहीतर मुंबईच्या लोहार चाळीत, एक तार सोलून ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली अॅल्युमिनियम आहे, दुकानदाराला परत द्या. उलट वरून पांढरी आणि आत लाल निघाली तर ती कल्हई केलेली तांब्याची तार. बिनधास्त घ्या. वेल्डिंगची केबलही चालते, तिच्या तारा बारीक असतात आणि ती छान वळते. फक्त तिच्या रबरावर ऑइल-पेट्रोल पडणार नाही असं बघा.

केबलच्या टोकाची थिंबल (बोल्टात अडकवायची धातूची टोपी) हातोडीने चेपलेली मला बघवत नाही. षटकोनी डायच्या हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. सोल्डर ओतायची जुनी पद्धत वाईट नव्हती, पण सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथे केबल ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी त्या कडेला तुटते.

आता अर्थ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. म्हणजे इंजिन आणि चासी यांच्यामध्ये विजेच्या दृष्टीने रबर आहे. त्यांना जोडणारी विणलेली चपटी पट्टी रंगकामात काढतात आणि परत लावायची राहते. किंवा लावतात, पण पावडर कोटिंगवर, आणि ते कोटिंग वीज जाऊ देत नाही. करंटला परतीचा रस्ता हवाच असतो, तो मिळेल तिथून जातो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम झाली, तिच्यातून धूर आला, तर समजा की तीनशे अँपिअर त्या बारीक तारेतून घरी चाललेत. बोल्टखालचा रंग चकाकता धातू दिसेपर्यंत खरवडा, दात असलेला वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला घ्या, कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थकडच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा. क्लॅम्पवर नाही, खुंटीवर! दुसरं टोक इंजिनच्या ब्लॉकवर, आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. सहा व्होल्टला पाव व्होल्टच्या वर आकडा गेला तर त्या वाटेत दोष आहे. मग एकेक जोड वगळत पुढे सरका. जिवंत बाजूही, म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतची, अशीच तपासा. जीपच्या पायाच्या स्विचमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट बऱ्याचदा जळून खड्डे पडलेले सापडतात.

मॉरिस मायनर, जुनी एमजी यांच्या मालकांनी जरा सावध राहावं. या गाड्या १२ व्होल्टच्या, पण पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. 'आधी निगेटिव्ह सोडायचा' हे पाठ केलेलं वाक्य इथे घात करतं. आधी अर्थ सोडायचा आणि तो शेवटी जोडायचा, मग तो कुठलाही असो. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांची बरसात! बॅटरी उलटी जोडली तरी सेल्फ नेहमीच्याच दिशेने फिरतो, कारण फील्ड आणि आर्मेचर (सेल्फमधली स्थिर आणि फिरती गुंडाळी) दोन्ही एकदम उलटतात. त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. मागाहून बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र जागीच जळतं. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असते, हे लक्षात ठेवून अर्थचा क्लॅम्प त्या मापाचा घ्या.

काहींना काळजी वाटते की केबल बदलली तर व्हिंटेज नोंदणी अडेल. २०२१च्या केंद्रीय नियमात गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, असं आहे. केबलला कुणी हरकत घेत नाही.

आत्ता मागून प्रश्न आला, सहा व्होल्टच्या गाडीला आठ व्होल्टची बॅटरी लावू का? लागते, इंजिन फिरतंही. पण चार्जिंगचा रेग्युलेटर सेट करावा लागतो, नाहीतर बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. शिवाय बल्ब लवकर उडतात. आणि सहाच्या सेल्फला थेट १२ दिले तर बेंडिक्स (सेल्फचा पुढे सरकणारा गिअर) फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगवर इतक्या जोरात आदळतो की दात तुटतात. ती रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.