रॅकमधलं हलणारं आणि न हलणारं

(सांगलीत वायरिंग आणि सीसीटीव्हीची कामं करणारे तरुण, आयटीआयचे विद्यार्थी आणि काही दुकानदार यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रॅक, म्हणजे नेटवर्कच्या वायरी आणि यंत्रं ठेवायचं लोखंडी कपाट, नीट लावलाय की नाही हे कळायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे. दार उघडून लावणाऱ्याला विचारायचं, 'बाबा, यातली कुठली वायर आत्ता काढली तर चालेल?' त्यानं पटकन बोट दाखवलं तर काम चोख. 'थांबा, बघतो' म्हणत तो एकेक वायर ओढून तिचं दुसरं टोक हुडकायला लागला, तर काय समजायचं ते समजा. बाहेरून रॅक कितीही चकाचक दिसू दे.

रॅकमध्ये वायरी दोन जातींच्या. एक भिंतीतून, कंड्युटच्या पाइपमधून येते. ती एकदा टाकली की तिला पुन्हा हात लावायचा नाही. दुसरी म्हणजे पॅच कॉर्ड, दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी वायर. टेबल सरकलं, माणूस बदलला, स्विच, म्हणजे सगळ्या वायरी ज्याच्या पोर्टांत खोचतात ती नेटवर्कची पेटी, बदलला की ती निघणार आणि दुसरीकडे लागणार. पहिली हलवायची नाही, दुसरी हलवण्यासाठीच आहे. सगळी मांडणी या दोघींची सरमिसळ होऊ नये म्हणून.

हे मी मनाचं सांगत नाही, ते तांब्यातच आहे. भिंतीतल्या केबलच्या आठही तारा भरीव असतात. पॅच कॉर्डमधली प्रत्येक तार मात्र बारीक बारीक तारांचा पीळ असते. भरीव तारेत सिग्नल कमी मरतो, म्हणून लांब पल्ल्याला ती घ्यायची. पण तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पीळवाली लवचीक, पण तिच्यात सिग्नल जास्त मरतो, म्हणून तिची लांबी आखूड. एका जोडणीची कमाल लांबी शंभर मीटर, तिचा हिशेब असाच बसवलाय: ९० मीटर भिंतीतली आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. आपल्याकडे ३०५ मीटरच्या बॉक्समधून केबल ओढायची, दोन्हीकडे आरजे-४५ चा प्लग दाबून बसवायचा, म्हणजे क्रिम्प करायचा, आणि थेट स्विचमध्ये खोचायची, अशी सर्रास पद्धत आहे. चालतं की! पण दर वेळी पोर्ट बदलताना भरीव तारेलाच वळण बसतं, आणि मग एक दिवस 'नेट येतंय-जातंय' सुरू होतं. तार तुटलेली असते, पण आवरणाच्या आत. वरून काही दिसत नाही.

म्हणून मध्ये पॅच पॅनेल, म्हणजे पोर्टांची एक पट्टी. भिंतीतली केबल त्याच्या पाठीमागे क्रोन केली, म्हणजे तिच्या तारा टूलनं दातांत दाबून बसवल्या, की तिचा प्रवास संपला. पुढच्या बाजूला काय ती काढघाल.

क्रोनिंग बघितलं की काम करणारा माणूस कळतो. केबलच्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीनं एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. या जोडीचा पीळ उघडायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर, अर्धा इंच. घाईतला माणूस दोन-दोन इंच पीळ सोडतो, आठही तारा सरळ करून बोटांत छान पसरतो आणि मग टूल मारतो. फोटो सुंदर येतो. पण शेजारच्या जोडीचा सिग्नल आपल्यात घुसू नये म्हणून तर प्रत्येक जोडी वेगळ्या मापानं पिळलेली असते. तो पीळ तुम्ही सोडलात, म्हणजे कॅट-६ या वरच्या दर्जाच्या केबलचे पैसे मोजून शेवटच्या दोन इंचांत घालवलेत. तारांच्या रंगांचे ठरलेले क्रम दोन, ए आणि बी. ए घ्या नाहीतर बी घ्या, दोन्ही टोकांना एकच. बी तर तुम्हाला झोपेतसुद्धा येतो.

आता लोखंडाकडे. पुढच्या पट्ट्यांच्या मापानं रॅक १९ इंची. उंची मोजायची 'यू'मध्ये, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. एका यूला तीन चौकोनी भोकं. ही भोकं समान अंतरावर नसतात, हे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. मध्यापासून मध्यापर्यंत मोजा: दोन अंतरं पाच-अष्टमांश इंचाची, तिसरं अर्ध्या इंचाचं. जिथं भोकं जरा जवळ आलेली दिसतात, त्यांच्या मधोमध यूची हद्द. ती पकडली नाही तर केज नट, म्हणजे चौकोनी भोकात अडकवायचा नट, एक भोक वर बसतो. स्विच लागतो, घट्टही होतो, पण खालीवर अर्धवट जागा उरते आणि पुढचं पॅनेल काही केल्या बसत नाही. केज नट स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवू नका, निसटला की बोट सोलून निघतं. त्याचं छोटं हूक मिळतं, ते खिशात असू दे.

पॅनेलच्या लगेच खाली स्विच लावला की एक फुटाची पॅच कॉर्ड पुरते. तीन मीटरच्या कॉर्डा आणून त्यांची भेंडोळी दाराआड कोंबायची ही सवय सोडा. प्लॅस्टिकच्या टायनं केबली करकचून आवळू नका, आतल्या जोड्यांचा आकार बिघडतो. व्हेल्क्रो वापरा, तो उद्या उघडतासुद्धा येतो. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा आवळ नको, कॅट-६ ला साधारण एक इंच.

लेबल दोन्ही टोकांना, आणि आकड्यांत. पॅनेलचा १४ नंबर तोच भिंतीवरच्या आयओचा, म्हणजे सॉकेटचा, १४ नंबर. माणसांची नावं लिहू नका हो! एका ऑफिसात 'मोठे साहेब' असं लेबल बघितलं होतं. साहेब कधीच निवृत्त झाले होते, आणि त्या वायरीवर झेरॉक्स मशीन चालत होतं.

हलणाऱ्या वायरी मोकाट सोडल्या की काय होतं, ते कुपवाडच्या एका कारखान्यात बघायला मिळालं. दुपारी जेवणाची सुट्टी संपली आणि सगळं ठप्प. बिलं निघेनात, कॅमेरे काळे, गेटवरचं पंचिंग बंद. रॅक उघडला तर स्विचचे सगळे दिवे एकदम, एका तालात, थांबण्याचं नाव न घेता लुकलुकतायत. एरवी ते कसे, कुठला आता, कुठला मग, असे लुकलुकतात. हा एकसुरी ताल दिसला की लूप, म्हणजे फिरून तिथंच परत येणारी वाट, शोधायचा. मेन स्विचमधून एकेक कॉर्ड काढत गेलो. एक काढली आणि दिवे शांत. ती जात होती डिस्पॅचच्या टेबलाखाली, पाच पोर्टच्या छोट्या स्विचला. तिथं एक पॅच कॉर्ड लोंबत होती. झाडताना कुणाला तरी वाटलं, निघालेली दिसते. त्यानं बिचाऱ्यानं ती परत खोचून ठेवली. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये!

स्विचमध्ये आलेला ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा, संदेश बाकीच्या सगळ्या पोर्टांतून बाहेर पडतो. लूप असला की तो फिरून परत येतो, पुन्हा सगळीकडे जातो, आणि त्याला मरणच नाही, कारण इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे संदेशाच्या पाकिटावर, 'इतक्या फेऱ्या झाल्या, आता बास' असा आकडा नसतो. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना काढला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपापसांत बोलून ठरवतात, फिरून येणारी वाट कुठली, आणि ती बंद ठेवतात. पण टेबलाखालच्या साध्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये हे नसतं. म्हणून निदान मधला मोठा स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, घ्या आणि त्यात हे चालू आहे का ते बघा. बहुतेक वेळा तो तेवढा एक पोर्ट बंद करतो आणि बाकीचा कारखाना चालू राहतो.

कॅमेरेवाल्यांसाठी थोडं पीओईबद्दल, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याबद्दल. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोचतात, बाकीचे वाटेत केबलमध्ये जिरतात. २००९ च्या एटी मानकात ३० वॅट. चोवीस पोर्टांना प्रत्येकी १५.४ म्हणजे ३६९.६, म्हणून ३७० वॅटचा स्विच एएफला पुरेपूर आणि एटीला निम्मा. खोक्यावर पोर्टांची संख्या ठळक असते, एकूण वॅट मागे बारीक अक्षरांत. कॅमेरा दिवसभर चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होतो, ही तक्रार इथल्या प्रत्येकानं ऐकली असेल. रात्री कॅमेऱ्याचे आयआर, म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे, लागतात, वॅट वाढतात, आणि स्विच नाहीतर केबल कमी पडते. केबल सीसीए असेल, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तर जास्तच. ब्लेडनं तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती परत करा, कितीही स्वस्त मिळू दे.

आता आपल्या गावचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. बाजारपेठेतल्या तळमजल्यांवर जे रॅक होते ते बुडाले. स्विच तर गेलेच, पण नंतर लोकांनी नवे स्विच आणून जुन्याच केबलींना लावले आणि महिनोन् महिने डोकं धरून बसले. साध्या यूटीपीच्या, म्हणजे याच पिळलेल्या जोड्यांच्या केबलच्या, उघड्या टोकातून पाणी आवरणाच्या आत चढतं. वरून वाळलेली केबल आत ओलीच, आणि पॅनेलच्या दातांना हिरवा गंज. टोक बुडालं असेल तर ती केबल बदलायचीच. नदीकाठच्या वस्तीत म्हणून रॅक पहिल्या मजल्यावर, आणि केबली छतातून खाली उतरवलेल्या. पुन्हा पाणी आलंच तर टेबलापर्यंतचं शेवटचं टोक जाईल, मुळं वाचतील. यूपीएसच्या बॅटऱ्याही वरच. जड वस्तू तळाला हा नियम रॅकपुरता. भिंतीवरच्या रॅकमध्ये तर बॅटरी ठेवूच नका.

ऑफिस आणि शेड वेगळ्या इमारतींत असतील तर मध्ये तांबं नको, फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या वायरीतून झटका थेट स्विचमध्ये येतो. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आर्मर्ड फायबरची पोलादी पट्टी स्विचपाशी उघडी आणून ठेवू नका.

एक प्रश्न आलाय, मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानात रॅकला पंखा बसवावा का? माझं मत, नको. पंखा थंड हवेबरोबर हळदीचा भुगाही आत ओढतो, आणि तो पॅच पॅनेलच्या मोकळ्या पोर्टांत जाऊन बसतो. दोन-चार कॅमेरे आणि एक बिलिंग मशीन असेल तर बिनपंख्याचा आठ पोर्टचा स्विच घ्या, ६ यूच्या बंद रॅकमध्ये, पोत्यांपासून लांबच्या भिंतीवर. मोकळ्या पोर्टांना रबरी झाकणं मिळतात, ती लावा. एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, तापतो म्हणून पंखा लावावाच लागला तर हवा आत येते तिथं फिल्टर बसवा, आणि हंगामात तो दर आठवड्याला काढून झटका.