आवाज तोच, ठेका यंत्राचा

आवडत्या बँडचा गायक एकट्याचा इलेक्ट्रॉनिक अल्बम काढतो. आवाज तोच असतो, शब्दही त्याचेच. तरी दोन-तीन गाणी होईपर्यंत काहीतरी हुकल्यासारखं वाटायला लागतं, आणि चाहत्यांचा सगळा राग सिंथेसायझरवर निघतो. सिंथेसायझर बिचारा निर्दोष असतो. बाकीचे वादक त्या आवाजासाठी काय करत होते, ते आता पहिल्यांदा कळत असतं, कारण ते नसतात.

(पडद्यावर: गिटार अ‍ॅम्प्लिफायर, ड्रम किट. मग फक्त एक लॅपटॉप.)

मार्च २००९. साउंडगार्डन या रॉक बँडच्या जडशीळ गिटारांमधून आलेल्या ख्रिस कॉर्नेलने निर्माता टिंबलँडबरोबर 'स्क्रीम' केला. गाणी एकमेकांत ओवलेली, मध्ये विसावा नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत अल्बम दहाव्या क्रमांकावर आला, पण अनेक जुन्या चाहत्यांना तो रुचला नाही. का, ते ऐकलं की उमगतं. बँडमध्ये कॉर्नेल तारसप्तकात जायचा तेव्हा खालून गिटार आणि सिंबल (ड्रम किटमधल्या झांजा) तितक्याच जोरात उसळायच्या. त्यांच्या वर जायला त्याला ताकद लावावी लागे, आणि आवाजाला ती धार त्यातून येई. इथे ठेका एकाच पातळीवर चालत राहतो. आवाज चढतो, पण झुंजायला समोर कुणी नाही.

(पडद्यावर: सॉफ्टवेअरमधल्या उभ्या रेषा, त्यांवर बसलेले ठोके.)

मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे १२० बीपीएम असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तिचे चार भाग केले की प्रत्येक १२५ मिलिसेकंदांचा. सॉफ्टवेअर ठोके या भागांच्या रेषांकडे ओढतं, त्याला क्वांटाइझ म्हणतात. ते शंभर टक्के ठेवलं की प्रत्येक ठोका या रेषांवर तंतोतंत बसतो. माणूस असा वाजवत नाही. चांगला ड्रमर स्नेअर (कडकडीत आवाजाचा ड्रम) दहा-वीस मिलिसेकंद मागे ठेवतो, त्याने गाणं ऐसपैस वाटतं. कोरस, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद, जवळ आला की तोच किंचित पुढे सरकतो, लय एक-दोन बीपीएमने चढते. गायक एखादा शब्द लांबवतो तो ड्रमर सांभाळून घेईल या भरवशावर. यंत्र सांभाळून घेत नाही. मग गायकच हळूहळू रेषेवर यायला लागतो, आणि त्याच्या ज्या रेंगाळण्यावर चाहते जीव टाकत होते तेच जातं.

जोराचंही तसंच. मिडी या वाद्यं आणि संगणकांच्या सांकेतिक भाषेत ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. हाय-हॅटचे (पायाने उघडमीट होणाऱ्या जोडझांजेचे) सगळे ठोके १०० वर ठेवले तर अर्ध्या मिनिटात कान ते ऐकणं सोडून देतो.

सर्वांत मोठी चूक कोरसमध्ये होते. ड्रमर हाय-हॅट सोडून क्रॅश या मोठ्या झांजेवर जातो तेव्हा साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा पट्टा एकदम भरून जातो, आणि गाणं फुलतं. लूपवर, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्यावर बांधलेल्या गाण्यात चार बारचा (तालाच्या आवर्तनांचा) तोच तुकडा पुढे चालू राहतो. वर फार तर एक सिंथ पॅड (सिंथेसायझरचा लांब, पसरट सूर) येतो. तो मधल्या पट्ट्यात, जिथे गायकाचा आवाजही असतो. गाणं मोठं होत नाही, आवाज मात्र झाकला जातो. मग आवाज वर काढायला कॉम्प्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारं साधन) दाबतात. पाच-सहा डेसिबलची कपात आवाज सोसतो. बारा डेसिबलपर्यंत गेलं की कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीची होते.

बास गिटारची उणीव छोट्या स्पीकरवर कळते. तिच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, पण सोबत ८२, १२३, १६५ असे वरचे स्वरांश येतात. त्यांच्यावरून कान मूळ स्वर ताडतो. सिंथचा शुद्ध साइन बास, ज्याला असे वरचे स्वरांश नसतात, पन्नास हर्ट्झला वाजला तर फोनच्या स्पीकरमधून काहीच येत नाही. अल्बम पोकळ आहे असा निकाल देण्याआधी तो एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकावा, हे न्याय्य आहे.

(पडद्यावर: २००६, मग २००९.)

आता रेडिओहेड बँडचा गायक थॉम यॉर्क. जुलै २००६ मध्ये त्याचा 'द इरेझर' आला: नऊ गाणी, सुमारे ४१ मिनिटं, निर्माता नायजेल गॉड्रिच. अल्बमची वाखाणणी झाली, तरी बँडची ऊब शोधणाऱ्यांना तो कोरडा, बंदिस्त वाटला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण गाण्यांत खोट नव्हती. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला यॉर्कने हीच गाणी माणसांच्या हाती दिली. बासवर फ्ली, ड्रम्सवर जोई वॉरोंकर, तालवाद्यांवर ब्राझीलचा माउरो रेफोस्को, शिवाय गॉड्रिच. संगणकावर तुकडे जोडून केलेले ठेके ड्रम्स आणि तालवाद्यांचे दोघं वादक हातांनी वाजवू लागले आणि त्यांना झोका आला. चाल तीच, शब्द तेच, आवाज तोच. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐकावीत, यापेक्षा चांगला पुरावा नाही.

याच पाच जणांचा 'अमोक' हा अल्बम फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. तोही संगणकावर जुळवलेला, पण क्रम उलटा: आधी सगळ्यांनी मिळून वाजवलं, मग यॉर्क आणि गॉड्रिचने त्यातून तुकडे निवडले. एकट्याने अल्बम करणाऱ्या गायकालाही हे जमण्यासारखं आहे. लूप पक्का होण्याआधी आवाज ध्वनिमुद्रित करावा. क्वांटाइझ ५० ते ६० टक्क्यांवर थांबवावं. हाय-हॅट पूर्ण गाणंभर हाताने वाजवावा, चार बार कापून चिकटवू नये. आणि कोरससाठी एक ड्रमर बोलवावा, फक्त सिंबल वाजवायला.