हात न लावता लोळण
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : कॅमेरा जमिनीलगत. सतरंजीवर तांबू. तिच्या नाकासमोर एक हात.]

ही तांबू कुत्री. पण सध्या तिच्याकडे नाही, तिच्या नाकासमोरच्या हाताकडे बघा. आज तांबू लोळण घ्यायला शिकणार आहे. हा हात तिला ढकलणार नाही, पाय ओढणार नाही, खांदा धरून उलथवणारही नाही. चिमटीत खाऊचा कण आहे, करंगळीच्या नखाएवढा. अंग वळवायचं ते तांबूनेच.

[दृश्य : मागचे पाय, जवळून.]

तिची बैठक नीट बघा. पोट जमिनीला टेकलंय, पुढचे पाय सरळ आहेत आणि मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना अंगाखाली दुमडलेले आहेत. ही उठायच्या तयारीतली बैठक आहे. काही खुट्ट झालं तर ती क्षणात उभी राहील. या बैठकीतून लोळण निघत नाही. आधी कंबर सैल सुटून एका अंगाला पडावी लागते. घरी शिकवणारे बहुतेक जण इथेच घाई करतात आणि कुत्रा उठून बसला की त्याला हट्टी म्हणून मोकळे होतात. कुत्रा हट्टी नसतो. त्याची कंबर अजून पडलेली नसते, एवढंच.

तो हात तिला शिकवणाऱ्या ताईंचा. ताई खाऊ तिच्या नाकापासून खांद्याकडे नेतायत. किती सावकाश नेतायत ते बघा. नाक चिमटीला जवळजवळ चिकटलेलं आहे, नाकपुड्या फुलतायत. हात नाकापासून सुटला की कुत्रा तो पकडायला उठतो, म्हणून हाताचा वेग नाकाच्या वेगाइतकाच ठेवायचा. मान वळली. मानेमागून खांदा आला. आता वजन एका कुल्ल्यावर जातंय... गेलं. मागचे दोन्ही पाय एका बाजूला आले.

[आवाज : टक्.]

हा आवाज क्लिकरचा. मुठीत मावणारी छोटी डबी, आत धातूची पट्टी. खाऊ तोंडापर्यंत पोचायला एखाद-दोन सेकंद जातात, आणि तेवढ्यात कुत्र्याने मान फिरवलेली असते, पंजा उचललेला असतो. मग बक्षीस नेमकं कशाचं मिळालं, हे त्याला कळणार कसं? 'टक्' तो नेमका क्षण पकडतं. क्लिकर नसला तरी अडत नाही. 'छान' हा शब्द दर वेळी त्याच सुरात, तेवढाच तुटक म्हटला तरी चालतो. फक्त आधी काही वेळ नुसतं टक् आणि लगेच खाऊ, टक् आणि लगेच खाऊ, एवढंच करायचं. आवाज होताच कुत्रा खाऊच्या आशेने बघायला लागला की त्याला आवाजाचा अर्थ लागला.

[दृश्य : क्लिकर टेबलावर. त्यावर निवेदन.]

या डबीमागे बराच इतिहास आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पेटीत ठेवून पाहिलं. ज्या हालचालीने दार उघडतं, ती मांजर पुढच्या खेपेला अधिक लवकर करतं, हे त्यांनी नोंदवलं. आणखी एक मानसशास्त्रज्ञ, बी. एफ. स्किनर, यांनी हेच सूत्र पुढे नेलं. त्यांच्याकडे शिकलेले केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात प्रयोगशाळेतली ही पद्धत बाहेर आणून तिच्यावर प्राणी-प्रशिक्षणाचा व्यवसाय उभा केला. १९५१मध्ये स्किनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. घरातल्या प्राण्याला शिकवताना खुणेच्या आवाजासाठी मुलांचं टिकटिक वाजणारं खेळणं वापरा, असं त्यात सुचवलं होतं.

म्हणजे हात न लावता शिकवण्याचा मार्ग तेव्हापासून सगळ्यांसमोर आहे. तरीही कुत्र्याला बळाने उताणं पाडून दाबून ठेवण्याची पद्धत पुढे लोकप्रिय झाली. त्याने मालकाला 'प्रमुख' मानावं म्हणून! या समजुतीचं मूळ लांडग्यांवरच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांची निरीक्षणं १९४७मध्ये प्रसिद्ध केली. एकत्र कोंडलेल्या लांडग्यांत वरचढपणासाठी झगडे होत होते. त्यावरून माणसांनी कुत्र्याच्या मनाविषयी अनुमानं बांधली. रानातला कळप बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९मध्ये स्पष्टपणे मांडलं. आणि दाबून ठेवण्याचा परिणाम? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांपैकी ज्यांनी कुत्र्याला असं पाडून दाबलं होतं, त्यांतल्या जवळपास ३१ टक्के मालकांना कुत्र्याकडून आक्रमक प्रतिसाद मिळाला होता.

[दृश्य : पुन्हा सतरंजी. तांबू एका कुशीवर.]

आता पुढचा टप्पा. हात खांद्यावरून पाठीच्या कण्याकडे निघालाय. डोकं मागे झुकतंय, वरच्या बाजूचा पुढचा पाय जमिनीवरून सुटतोय. टक्. खाऊ. तांबू अजून कुशीवरच आहे, पण एवढ्यावरही बक्षीस आहे. लोळण म्हणजे एकच मोठी उडी नसते. मान, कुल्ला, कूस, पाठ असा एकेक तुकडा आधी पक्का होतो आणि मगच ते जोडले जातात.

आणि हे बघा. तांबूने जिभेने ओठ चाटले. लगेच जांभई दिली. तोंड वळवलं. खाऊ समोर असताना तोंड वळवलं! ती कंटाळली असेल, बिचकली असेल, कारण काहीही असो, तिचं 'नको' आहे. पोट उघडं टाकून चारी पाय वर करायचे म्हणजे पळण्याची सोय सोडून द्यायची. ते ती करेल, पण शिकवणाऱ्यावर भरवसा बसल्यावरच. ताईंनी तिला जमणारं सोपं काहीतरी करायला सांगितलं, खाऊ दिला आणि शिकवणी थांबवली. तीन-चार मिनिटांची शिकवणी पुरते. लांबवली की बिघडते.

[दृश्य : नंतरची शिकवणी. संथ गती.]

आता मी बोलत नाही. बघा.

[निवेदन नाही. पाय वर, कान उलटे, पाठ सतरंजीला लागते, कूस बदलते.]

[आवाज : टक्.]

गेली! पूर्ण गेली. हात कण्याच्या पलीकडे पोचला, नाक त्याच्यामागे गेलं आणि नाकामागे सगळं अंग. अशा वेळी ताई एकाऐवजी तीन-चार कण देतात, एकामागून एक, तेही जमिनीवर ठेवून. म्हणजे उठायची घाई राहत नाही.

यानंतर खाऊ चिमटीतून लवकर जायला हवा. तो दिसल्याशिवाय कुत्रा वळेनासा झाला तर तो लोळण शिकलेला नसतो, फक्त खाऊमागे जायला शिकलेला असतो. म्हणून हाताची चाल तीच, पण हात रिकामा, आणि बक्षीस दुसऱ्या हातातून. मग चाल बारीक करत आणायची. खांद्यावरून नेलेला मोठा वळसा, मग हवेत अर्धा, मग नुसता बोटाचा फेरा.

शब्द सगळ्यात शेवटी येतो. हालचाल बसायच्या आधीच 'लोळ, लोळ, लोळ' म्हणत राहिलं तर तो शब्द कुत्र्यासाठी नुसता गलका होतो. आणि शब्द व हात एकाच वेळी आले तर कुत्रा हातच वाचतो. माणसाच्या हालचालींकडे त्याचं लक्ष आवाजापेक्षा जास्त असतं. म्हणून आधी 'लोळ', एकदाच. मग क्षणभर काही नाही. मग बोटाचा फेरा. काही दिवसांनी त्या मधल्या क्षणातच कुत्रा वळायला लागतो, बोट हलायच्या आत.

[दृश्य : तांबू. ताईंचे दोन्ही हात पाठीमागे. "लोळ."]

पाठ किंवा खुबा दुखणाऱ्या कुत्र्याला, डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला, गाभण कुत्रीला हे पशुवैद्यांना विचारल्याशिवाय शिकवू नका, आणि नुकतंच जेवलेल्या कुत्र्याला तर नकोच.

[दृश्य : तांबू फरशीवर. ताई "लोळ" म्हणतात. तांबू बसून राहते.]

इथे ती विसरलेली नाही. सतरंजीवरचं शिकणं फरशीवर आपोआप येत नाही. कुत्र्याला जागा बदलली की धडाही नवा वाटतो. शिवाय फरशी कण्याला टोचते. ताई सतरंजीची घडी फरशीवर टाकतात आणि हात पुन्हा नाकाशी नेतात, या वेळी अर्ध्या वळशापासून. दुसऱ्या कुशीवरून लोळायला शिकवायचं असेल तर त्यासाठी मात्र वेगळा शब्द आणि अगदी पहिल्या टप्प्यापासून सुरुवात.