ड्रमच्या आत

[अंगण. पावसानंतरचं ऊन. पांढरी मारुती ८००.]

कुडाळजवळचं एक गाव. पावसाळाभर ही गाडी पत्र्याखाली उभी होती, हँडब्रेक ओढून. दमट हवेत मागच्या चाकांतल्या ब्रेकच्या ड्रमला आतून गंज चढतो आणि एरवी ड्रमला घासून गाडी थांबवणारा लायनर त्याला धरून बसतो. पुष्कळदा गाडी हलवली की मागून ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि चाक मोकळं होतं. इथे एक सुटलं, दुसरं फरफटत गेलं. मातीतली ही रेघ त्याचीच. म्हणून आज मागचे ड्रम उघडून लायनर बदलायचे. कोकणात पावसाळ्यात गाडी ठेवताना गिअर टाकावा, चाकांना दगड लावावे आणि हँडब्रेक मोकळा सोडावा, तो यासाठी.

[पुढची चाकं. चिरे.]

पुढच्या चाकांना चिरे, म्हणजे जांभा दगडाचे ठोकळे, लावलेत. चिऱ्याचं काम एवढंच. गाडी चिऱ्यावर ठेवायची नाही. जांभा वजनाखाली फुटतो आणि आधी सांगत नाही. मागे गाडी दोन लोखंडी स्टँडवर आहे. अंगण अजून ओलं, म्हणून स्टँडखाली फळ्या. जॅक फक्त उचलण्यापुरता.

[मामा आणि भाची. भाचीच्या हातात पाना.]

गाडी मामांची, हात भाचीचे. मागच्या चाकाच्या मधला मोठा नट तिने गाडी जमिनीवर असतानाच पान्याला पाइप लावून सैल केला. ते चित्रात नाही.

या गाडीत ड्रम आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, एकच, बेअरिंग त्याच्या पोटात. नट निघाला, हँडब्रेकची केबल ढिली केली, आता ड्रम हातात यायला हवा. येत नाही. गॅरेजवाल्याकडे यासाठी पुलर, म्हणजे ड्रम ओढून काढायचं हत्यार, असतं. अंगणात चाक असतं.

[चाक पुन्हा ड्रमवर. हिसके.]

चाक परत चढवलं, दोन नट हातानेच लावले आणि दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला हिसके द्यायचे. मामांची नजर तिच्याकडे नाही, स्टँडकडे आहे. हे काम करताना दुसरं माणूस हवं ते एवढ्यासाठी.

[ड्रम निघतो. निवेदन थांबते.]

[काळी पूड. ओलं फडकं.]

ही पूड लायनरची. अनेक मेकॅनिक इथे फुंकर मारतात किंवा हवेचा पाइप लावतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची पूड फुप्फुसात एकदा गेली की जात नाही. म्हणून तोंडाला मास्क, ओलं फडकं, आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

[दोन शू, जवळून.]

चंद्रकोरीसारखे हे दोन शू, लायनर यांच्यावरच बसवलेला. पेडल दाबलं की वरच्या व्हील सिलिंडरमधले दोन पिस्टन त्यांना बाहेर फाकवतात आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासतात. आता नीट बघा. पुढच्या शूचा लायनर जास्त झिजलाय, मागच्याचा कमी. गाडी पुढे जात असताना ड्रम फिरता फिरता पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, शू आणखी घट्ट बसतो. पायाने दिलेल्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. मागच्या शूला तो उलट ढकलत असतो. ड्रम ब्रेक म्हणजे जुनाट, असं म्हणणाऱ्यांनी ही झीज एकदा पाहावी. गॅरेजमध्ये ‘लायनर गेले’ एवढंच कानावर येतं, पैसे दिले की आपण निघतो.

पूर्वी शू टाकून देत नसत. झिजलेला लायनर काढून त्याच शूवर नवा रिव्हेटने ठोकून मिळायचा. ट्रकच्या शूवर अजूनही ठोकतात. छोट्या गाड्यांचा लायनर शूवर चिकटवलेलाच येतो, शूसकट बदलायचा.

[पक्कड. स्प्रिंग.]

इथे घाई नाही. प्रत्येक शूला मधोमध एक पिन आणि तिच्यावर दाबून बसलेली क्लिप. दोन्ही शूंना एकमेकांकडे ओढणाऱ्या स्प्रिंगा. मधे आडवी पट्टी, लायनर झिजेल तशी ही लांब होत जाते. मागच्या शूला हँडब्रेकची दांडी. स्प्रिंग ताणलेली असते, सुटली तर डोळ्यावर येते, म्हणून चष्मा. दुसऱ्या बाजूचा ड्रम मुद्दाम उघडलेला नाही, गोंधळ झाला तर नमुना तिकडे शाबूत आहे.

“मामा, हा हुक आतून की बाहेरून?”

“मागून. फोटो काढलास ना मघाशी? बघ त्यात.”

[सिलिंडरचं रबर उचललेलं.]

रबराच्या टोपीखाली ब्रेक ऑइलची ओल नाही. असती तर सिलिंडरही बदलायचा आणि मग ब्रेकमधली हवा काढणं आलं. ड्रम बाहेर असताना पेडलला पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर पडतात.

[नवे शू बसतात. वेग वाढवलेले चित्रण.]

शूंमागच्या प्लेटवर शू टेकतो तिथे ग्रीसचा ठिपका, लायनरवर जराही नाही. हँडब्रेकची दांडी जुन्या शूवरून नव्यावर. आडवी पट्टी पुन्हा आखूड केलेली, नाहीतर ड्रम चढणार नाही. आतून गंज घासलेला ड्रम चढला, नट कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कसला, नट सैल होऊ न देणारी स्प्लिट पिन नवी. दुसऱ्या बाजूलाही हेच. लायनर जोडीनेच बदलतात. एकाच बाजूचे बदलले किंवा स्प्रिंग चुकली, तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते.

[भाची गाडीत. पाय पेडलवर.]

पेडल बऱ्याचदा दाबलं की पट्टी आपली जागा घेते आणि पेडल वर येतं. मग हँडब्रेकची केबल परत ताणायची. चाक हाताने फिरलं पाहिजे, अगदी किंचित घासलं तरी चालेल. पहिली चाचणी अंगणातच, चालण्याच्या वेगाने. नवा लायनर ड्रमशी पूर्ण जुळेपर्यंत ब्रेक थोडा कमी धरतो, तेव्हा काही दिवस आंबोलीचा घाट नको.